अबोल्याचा तिसरा दिवस

प्रिय रुक्सू,

शाळेतली ती मधली सुट्टी आठवते? कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्यांवर मी पाठ फिरवून डबा खात होते. तू माझ्या चित्रावर शाई सांडली होतीस आणि मी अबोला धरला होता. तू समोर येऊन बसलीस आणि वैतागून म्हणालीस, "सलाम! आज तिसरा दिवस. याच्यापुढे अबोला धरला तर गुनाह होतो, अब्बा सांगतात. मी बोलले, माझं काम झालं. आता तू बोल नाहीतर नको बोलू!"

"मी कुठे मुसलमान आहे?" मी फणकारले.

"बघ, बोललीस की नाही!"

किती हसलो होतो गं! तुझ्या डब्यातल्या शेवया मीच संपवल्या होत्या.

आज लिहायला बसले, कारण आजही तिसराच दिवस आहे. तुला मातीत ठेवलं त्या सकाळपासून मी खालच्या मजल्यावरच्या तात्यांशी बोललेले नाही.

तू गेलीस हे अजून डोक्यात शिरत नाही. दार उघडलं की समोर तुझ्या दाराशी तुझ्या चपला दिसतात. मी हाक मारायला तोंड उघडते आणि तशीच उभी राहते. दुपारी तर तू माझ्याकडे कढीपत्ता मागायला आली होतीस! संध्याकाळी हृदय बंद पडतं? असं कसं बंद पडतं?

आणि त्याआधी ते भांडण. कशावरून, तर कांद्यावरून! तू गॅलरी धुतलीस आणि पाणी खाली पार्किंगमध्ये तात्यांनी वाळत घातलेल्या चाकणच्या कांद्यावर पडलं. तात्या ओरडले, "तुमा लोकांचं ह्ये असंच!" कांद्याचं तुला काही वाटलं नाही. 'तुमा लोकांचं' एवढंच तू घेऊन वर आलीस. "सुजी, इतकी वर्षं मी भाभी होते गं. आज एकदम 'लोक' झाले?" म्हणून माझ्या स्वयंपाकघरात रडलीस.

तरी तिसऱ्या दिवशी शेवया केल्यास. मी म्हटलं, चूक त्यांची, तू का जातेस? तर मलाच दटावलंस. "सलाम म्हणजे काय, ठाऊक आहे ना? तुझ्यावर शांती असो. रोज जिन्यात ते म्हणायचं आणि पोटात राग ठेवायचा? मग कशाला म्हणायचं? जो आधी बोलतो तोच मोठा, सुजी."

तू खाली गेलीस. थोड्या वेळानं परत आलीस, डबा तसाच हातात. "घरी नसतील," म्हणालीस.

ते घरी होते, रुक्सू.

तुला नेलं त्या सकाळी पार्किंगमध्ये तुझा जनाजा ठेवला होता. समीर हात जोडून सगळ्यांना म्हणाला, "अम्मीचं काही कहासुना, कमी-जास्त बोलणं असेल तर माफ करा." तेव्हा तात्या खालीच बसले. पुनावळ्याच्या मातीत वाढलेला तो धिप्पाड माणूस, पार कोसळला. "भाभी आली व्हती," ते म्हणाले. "बेल वाजवली. 'सलाम तात्या' म्हनली. म्या दाराच्या भिंगातून बघत व्हतो. न्हाई उघडलं दार."

मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आता तुमचं तोंड पाहायचं नाही मला."

आणि तुझा समीर! मला वाटलं, आता हा काय करतो कुणास ठाऊक. तो त्यांच्याजवळ गेला, दंडाला धरून उठवलं आणि म्हणाला, "चला तात्या. खांदा द्या."

मी बघतच राहिले. राग आला मला, तुझ्या लेकाचा! इतक्या लवकर? आईच्या जनाज्यासमोर? रात्री विचारलं, तर म्हणाला, "खाला, ती सलाम करून आली होती. तिच्याकडून मिटलं होतं. मी परत कुठून सुरू करू?"

काय शिकवून गेलीस गं तू या पोराला! आणि मला का नाही जमत?

तात्या तेव्हापासून पार्किंगमध्ये बसून असतात. कांदे गोळा करून टाकलेत. मी जिन्यातून उतरले की उठून उभे राहतात. काल मी त्यांच्यासमोरून रिक्षात बसले आणि दिवसभर घास उतरला नाही.

तीन दिवसांची अट तुझी होती, माझी नव्हे, हे मी आज सकाळपासून स्वतःला सांगतेय. पण तू असतीस तर म्हणाली असतीस, "मग घे ना माझ्याकडून उसनी!"

घेतली. हे पत्र मिटलं की मी खाली जाणार, आणि आधी मीच बोलणार. हा माझा शब्द.

तुझ्या वस्तूंची वाटणी समीरनं माझ्यावर सोपवलीय. तुझी जपाची तसबीह त्याच्याकडेच राहील. मोरपंखी ओढणी सुनेला, ती तुझ्यामागे लपून आरशासमोर घेऊन बघायची. शिवणयंत्र धाकट्या नणंदेला. चष्मा मी ठेवतेय, कुणी मागू नये.

आणि तो शेवयांचा डबा तात्यांना. शेवया आज मी केल्यात, तुझ्याइतक्या जमल्या नाहीत. मात्र डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तात्यांना सांगावं लागणार नाही. भरून वर आणतील ते, आणि बेल तुझ्याच दाराची वाजवतील. समीरला सांगून ठेवते, दार उघडायला.

सलाम, रुक्सू.

तुझी,
सुजी