पावडर लावून काढलेला फोटो

६ जाने.
वडगावात बायकांच्या तपासणीची गाडी आलीय. धाकटी जाऊ रेखा लय मागं लागली, म्हणून आंबीतल्या कंपनीतून अर्धी रजा टाकली. परक्यांपुढं ब्लाउज काढायचा, घामाचा वास नको म्हणून काखेत भरपूर पावडर थापली. छातीचा फोटो, मॅमोग्राफी. दोन फळ्यांत असं दाबतात की आई गं! मशीनवरची पोरगी म्हणते, "काकू, श्वास रोखा." रोखला. तोंडावर आलेली शिवीपण रोखली.

९ जाने.
फोन आला. काखेजवळ बारीक पांढरे ठिपके दिसतायत, परत या. दुखत नाही, खुपत नाही, हाताला काही लागत नाही. मग ठिपके कसले? ह्यांना सांगितलं. ताट सरकवून गाडीत पेट्रोल आहे का बघायला गेले. मला भीती वाटते. इथं लिहिलं, बास.

११ जाने.
तळेगावचा दवाखाना. डॉक्टरबाईंचा पहिलाच प्रश्न, "त्या दिवशी पावडर लावली होती का?"
"व्हय. लय."
ओल्या कापडानं पुसलं, परत फोटो. ठिपके गायब! पावडरच कॅन्सरच्या खुणांसारखी दिसत होती म्हणे. बाहेर बाकावर रेखा हसून हसून बेजार. "ताई, तुमच्या नटण्यापायी आमचा जीव गेला असता!" लगेच घरी फोन करून पावडरीचं सांगितलं ह्या भवानीनं.

आमचं हसणं चालू होतं तेवढ्यात परत आत बोलावलं. ठिपके गेले, पण खाली खोलवर एक गाठ. ज्वारीच्या दाण्याएवढी. सोनोग्राफीतपण दिसली. सुईनं तुकडा काढून तपासायचा.

१३ जाने.
सुई झाली. रेखानं हात सोडला नाही. मी डॉक्टरबाईंना विचारलं, "बाई, पावडर नसती तर ही सापडली असती का?" म्हणाल्या, "ते सांगता येणार नाही. साधी गाठही असू शकते. तशी नसली, तरी लवकर सापडलीय, उपचार होतात."

१६ जाने.
आमच्या सुदुंबऱ्यात अजून पावडरीचीच चेष्टा चाललीय. नळावर शेजारीण म्हणाली, "काय गं, आज न्हाई लावली?" हसले. गाठीचं आम्हा तिघांनाच ठाऊक. हसताना तिथंच दुखल्यासारखं झालं. सुईचं असेल.

२० जाने.
आज रिपोर्ट. ह्यांनी गाडी काढून ठेवलीय. रेखा दारातून, "ताई, उशीर व्हतोय, काय करताय?"
पावडरीचा डबा उघडलाय. आज फोटो काढायचा नाही. चांगली गळ्यापर्यंत थापली.