उरलेला चहा

मसोली, डहाणू. रविवार, संध्याकाळ

दुपारी घरात सगळ्यांनी मिळून युद्धाचा सिनेमा पाहिला. गोळीबार, चिखल, रक्त, सगळं अगदी खरं वाटलं. दादा लष्करातून निवृत्त झालेला, म्हणून संपल्यावर त्यालाच विचारलं, "असंच असतं का रे?"

"आवाज बरोबर आहेत," तो म्हणाला. "मित्र गेल्यावर हिरो रडतो, तसंही कुणी रडत असेल. आमच्याकडे चहा आला होता."

मला कळेना. हातातल्या कच्च्या चिकूची साल नखाने खरवडत तो सांगत राहिला. लंगरवाल्याने, म्हणजे तुकडीच्या स्वयंपाक्याने, सवयीने सगळ्यांचा चहा ओतला, सकाळीच गेलेल्या सोबत्याचाही.

"त्याचा चहाचा मग वाफाळत होता. थंडी फार होती. मी प्यायलो. गोड होता."

एवढंच. मग उठून चिकूच्या वाडीत गेला.

आमच्या घरी चहा कायम एक कप जास्तच टाकतात, वाडीतून कुणी आलं तर असावा म्हणून. तो कप उरला की दादा उठून जातो. इतकी वर्षं आम्ही त्याला तुसडा म्हणत आलो.

सिनेमात मग काय दाखवायला हवं होतं? नुसता एक मग? कोण बघेल?

आत्ता हिने नेहमीसारखा गवती चहा घालून केलाय. एक कप उरलाय, माझ्यासमोर. ओतून टाकवत नाही, पिववतही नाही.

दादा वाडीतून परत येताना दिसतोय. कप अजून गरम आहे.