न चाखलेली येळवणी

आत्याबाई, तुम्ही गेलात तेव्हा तुमचा नातू रांगत होता, आता तो दहावीला आहे आणि माझ्या डोक्यावरून बघतो. गावाकडचं गोरेगावचं घर तुमचे चिरंजीव शेताच्या निमित्तानं उघडतात-झाकतात, आम्ही हिंगोलीत राहतो आणि घर बऱ्यापैकी माझ्या पगारावर चालतं. हे तुम्हाला पटायचं नाही. नवी सून म्हणून आले तेव्हा मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला हिंगोलीला जायची, तर तुम्ही संध्याकाळी जीपवाल्याला गाठून विचारायचात, आमची सून खरंच हिंगोलीला उतरली का म्हणून. त्यानंच मला सांगितलं होतं. मी तुम्हाला कधी बोलले नाही, पण मनात धरून ठेवलं. दूधवाल्यानं माप ओतलं की तुम्ही चरवी तिरपी करून बघायचात, दुकानातून डाळ आली की मूठभर ताटात पसरायचात, आणि माहेरून माझी आई आली की तिच्या पिशवीकडं आधी बघून मग तिच्याकडं बघायचात. सासू म्हणून मला देवानं हीच काढून ठेवली होती, असं मी तेव्हा म्हणायची. आता गंमत बघा, तुमचा तोच स्वभाव माझ्या पोटापाण्याला आलाय. मला पगार मिळतो तो संशय घ्यायचा.

काम काय ते सांगते. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरून करते. गावोगावचे लोक मोबाइलवरून दवाखान्याचा नंबर लावतात. ते ज्या मोठ्या मशीनवर चालतं तिला सर्व्हर म्हणतात. अमक्या दवाखान्याचं नाव आलं की माणसाला कुठल्या पत्त्यावर पाठवायचं, हे त्या मशीनसाठी साध्या अक्षरांत फाइलींमध्ये लिहून ठेवलेलं असतं. त्यात एक कंस मिटवायचा राहिला किंवा एखादा अर्धविराम सुटला तर सगळंच ठप्प. म्हणून फाइलीत बदल केला की तो लागू करण्याआधी तपासायचा. त्यासाठी मशीनला एक हुकूम देता येतो. मग ती फाइल नुसती वाचते, लागू काहीच करत नाही, आणि सांगते की लिखाण ठीक आहे, चाचणी पास. पण लिखाण ठीक असणं निराळं आणि मजकूर खरा असणं निराळं. चुकीचा पत्ता शुद्ध लिहिला तरी मशीन पासच म्हणते. त्यामुळं मशीन पास म्हणाली तरी मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही, ओळ न् ओळ स्वतः वाचते. हे पहिल्यांदा शिकले त्या दिवशी मला तुम्हीच आठवलात. तोंडाला न लावता तपासायचं, हे मी तुमच्या चुलीपाशी पाहिलं होतं.

महालक्ष्म्यांचा सैपाक. अंघोळी करून आपण दोघीच चुलीपाशी, बाकी कोणी शिवायचं नाही. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखायचं नाही, तुमची तर वाससुद्धा घ्यायला मनाई, कारण वासही आधी तिचा. पुरणाच्या कटाची येळवणी उकळून राहिलीय, पलीकडं भाज्या शिजतायत, बाहेर सगळी भावकी जमलीय, आणि तुम्ही पाटीत कोशिंबिरीची काकडी चिरता चिरता मला विचारताय, "मीठ टाकलं का व?" मी म्हणाले, "टाकलं." "येळवणीत?" "व्हय, येळवणीतच." थोडा वेळ गेला. मी पाट्यावर पुरण वाटत होते. तुम्ही पुन्हा, "बराबर टाकलं ना? का पुरणाच्या नादात राहून गेलं?" आत्याबाई, एकदा सांगितलं होतं ना मी! सकाळपासून हेच चाललं होतं, हात धुतले का, वेलदोडे किती घेतले, गूळ कुणीकडचा. माझं डोकं फिरलं. मी तुमच्याकडं बघितलंही नाही आणि उत्तरही दिलं नाही, वाटत राहिले.

पंगतीत पहिला घोट घेतला तो मोठ्या मामंजींनी, तुमच्या थोरल्या दिरांनी. वाटी खाली ठेवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मिठाचं पोतं सांडलं का काय आज?" तुम्ही दारातून लगेच म्हणालात, "नव्या सुनेनं दोनदा टाकलं. ध्यान कुठं ऱ्हायते काय माहीत." पंगत हसली. कोणी वाईट हसलं नाही, पण हसली. मला त्याच पंगतीला खाली मान घालून वाढत फिरायचं होतं. सैपाकघरात परत आले तर मिठाच्या बरणीचं झाकण उघडं, आणि मी ते लावलं होतं हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून मी मनाशी ठरवून टाकलं की तुम्ही मुद्दाम टाकलंत. त्याआधी पोळ्याला जाऊबाईंनी माझ्या पुरणपोळीचं कौतुक केलं होतं, ते तुम्हाला सोसलं नाही, म्हणून खापर माझ्या डोक्यावर फोडायला तुम्ही मूठभर मीठ वाया घालवलंत. तुमच्या चिरंजीवांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते म्हणाले, "आई काहून असं करंल? काहीबाही बोलून राहिली." मग मी त्यांनाही सांगणं बंद केलं. पुढं वर्षानुवर्षं तुम्ही मला गोड बोललात की मी मनात म्हणायची, आता काय टाकलंय हिनं कशात.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. माझ्या जोडीला पुण्यात बसणारा एक सहकारी आहे, माझ्याच वयाचा, बरीच वर्षं सोबत काम केलेला. इकडं लाइट गेली, इन्व्हर्टर बसला, की माझं अर्धं काम तो न बोलता उरकायचा. पण माणूस तुमच्यासारखा. एकदा विचारून त्याचं समाधान व्हायचं नाही. एका दवाखान्याचा पत्ता नव्या मशीनवर न्यायचा होता, ते काम माझ्या नावावर होतं. मी फाइलीत लिहिलं, तपासलं, वाचलं, लागू केलं, लोकांचे नंबर नीट लागताना पाहिले आणि उठले. दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात आरडाओरडा. लोक दूरदूरून आलेले, काही तर उपाशीपोटी तपासणीला आलेले, आणि कोणाचंच नाव यादीत नाही, कारण सगळे नंबर जुन्या मशीनवर जाऊन पडले होते. काम माझ्या नावावर, म्हणजे चूक माझी. साहेबांनी फोनवर आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, घरून काम केलं की असं होतं, आता पुण्याला येऊन बसा नाहीतर बघू. आता पुण्याला कशी जाऊ मी? पोरगं दहावीला, ह्यांचं शेत इथं. पुण्याला या म्हणजे नोकरी सोडा, एवढं मला कळतं.

मी केलं नव्हतं हे मला माहीत होतं. पण मला माहीत असून काय उपयोग, आधी एकदा माहीत असून काय झालं होतं? म्हणून खोदत बसले. माझी फाइल जशीच्या तशी होती. मग सगळ्या फाइली मिळून पुन्हा तपासणीचा हुकूम दिला, तर शेवटी पासच आलं, पण त्याच्या वर एक बारीक ओळ होती, जी आम्ही सगळेच डोळ्याआड करतो. या नावाची नोंद दोनदा आली आहे, दुसरी सोडून दिली आहे, असं ती ओळ म्हणत होती. म्हणजे त्याच दवाखान्याचं नाव आणखी एका फाइलीत कोणीतरी टाकलं होतं, जुना पत्ता देऊन. ती फाइल नावाच्या क्रमानं आधी येत होती, म्हणून मशीननं ती धरली आणि माझी सोडली. सर्व्हरवर कोणी कधी काय बदललं ते बघता येतं. बघितलं. सहकाऱ्यानंच टाकलं होतं, माझ्यानंतर, संध्याकाळी. माझ्या तोंडून आपसूक निघालं, मुद्दाम केलं मेल्यानं. मला काढून त्याच्या कोणा माणसाला बसवायचं असणार. लाइट गेल्यावर केलेली सगळी मदतही मला त्या घटकेला डाव वाटायला लागली.

मग त्याचे जुने मेसेज चाळले, आणखी पुरावा मिळेल म्हणून. त्या संध्याकाळचा एक सापडला. "ताई, त्या दवाखान्याचा पत्ता टाकलात ना?" त्याखाली अर्ध्या तासानं, "टाकलात का? नाहीतर मी टाकतो." दोन्ही मी वाचलेले होते. वाचल्याची खूण तिथंच होती, आणि उत्तर नव्हतं. मला आठवलं, मी भाजी निवडत होते आणि मनात म्हणाले होते की ह्याला किती वेळा सांगायचं, सकाळी तर सांगितलंय. त्यानं माझी वाट बघितली, मग स्वतःकडं असलेल्या जुन्या कागदावरून पत्ता टाकून मोकळा झाला. डाव कसला डोंबलाचा. काम अडू नये म्हणून केलं होतं बिचाऱ्यानं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मीटिंग झाली. मी ती बारीक ओळ दाखवली, दोन फाइली दाखवल्या. साहेबांनी विचारलं, "म्हणजे हे कोणी केलं?" दोघांनी मिळून झालं, असं म्हणायचं माझ्या तोंडात आलं होतं. त्यानं विचारलं, मी बोलले नाही, म्हणून त्यानं टाकलं, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, "त्यानं टाकलं, मला न विचारता." न विचारता, आत्याबाई. तो पडद्यावर समोरच होता, चष्मा काढून पुसत बसला. माझी नोकरी राहिली, घरूनच. त्याला या कामावरून काढून रात्रपाळीच्या तक्रारी ऐकायला बसवलंय. त्यानंतर त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, तुमचं काही चुकलं नाही, मी पुन्हा विचारायला पाहिजे होतं." मेसेजचं त्यानं नाव काढलं नाही. मला आधी वाटलं, जपून ठेवला असेल आणि वेळ आली की काढील. चार दिवस मी तीच वाट बघून राहिले. आता वाटतं, तो काढणारच नाही.

आणि मग मला तुम्ही उमगायला लागलात. तुमच्याकडं त्या दिवशी काय होतं? मला तपासायला हुकूम आहे, नोंदी आहेत, मेसेज आहेत. तुम्हाला येळवणी चाखायची सोय नव्हती, वास घ्यायची नव्हती. परक्या घरातून आलेल्या पोरीला विचारणं, एवढंच हातात होतं, आणि दुसऱ्यांदा विचारलं तर तिनं तोंड फिरवलं. बाहेर भावकी बसलेली, देवीचं ताट वाढायचं राहिलेलं. तुमच्या जागी मी असते तर मीपण मीठ टाकलं असतं. आणि पंगतीत माझं नाव घेतलंत, तेही तुम्हाला तसंच वाटलं असेल, पोरीनं दोनदा टाकलं आणि घाबरून गप्प बसली. कदाचित स्वतः टाकलेली मूठ तुम्ही विसरलाही असाल त्या गडबडीत. कदाचित. विसरला नसाल तर मी पुन्हा भांडायला तयार आहे. पण एक फरक आहे, तो आज सकाळपासून मला जेवू देत नाही. तुम्ही माझं नाव घेतलंत तेव्हा तुम्हाला सगळं माहीत नव्हतं. मी त्याचं घेतलं तेव्हा मला सगळं माहीत होतं.

खरं तर साहेबांना हेच सगळं लिहायला बसले होते, दोन्ही मेसेज सोबत जोडून. त्यांच्याऐवजी तुम्हाला लिहून झालं. तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच इतकं लिहिता आलं. त्यांना उद्या लिहीन म्हणते. पण आत्याबाई, माझाच मला भरवसा वाटत नाही.