दोन होड्यांमधलं पाणी

अण्णा, परवा मालपेला गेले होते. लेक दहा वर्षांची झालीय. वर्गातल्या सगळ्या मुली तिथल्या समुद्रातल्या बेटावरचं उद्यान, ते काळ्या दगडाचे खांब बघून आल्या, आपणच राहिलो म्हणून महिनाभर डोकं खात होती. तुमचे जावई पडले पुण्याचे. "अगं, लाइफ जॅकेट असतं, कशाला टेन्शन घेतेस," म्हणत बुकिंग करून मोकळे झाले. बेंगळुरू सुटल्यापासून मला तुमच्याबरोबरची तिथली ती जुनी सहल आठवत होती. तेव्हा खरं काय घडलं, हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, याचीच मला तीस वर्षं भीती वाटत आलीय.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तुम्ही जोडीनं लोखंडी साचे उचलायचात. एकानं विचारायचं, "सरी?" म्हणजे तयार ना? दुसऱ्यानं "सरी" म्हटलं की मगच उचलायचं. तोच कायदा तुम्ही चामराजपेटच्या आपल्या स्वयंपाकघरात आणलात. तांदळाचा डबा असो, नाहीतर आंघोळीच्या पाण्याचं पातेलं, एका कानाला तुम्ही, दुसऱ्याला मी. मी जरा गप्प राहिले की तुम्ही ओरडायचात, "मूग गिळून बसलीस काय गं? बोल की." म्हणून मी हात तयार नसला तरी आधी सरी म्हणायला शिकले. तुमच्या ओरड्याला मी फार भ्यायची, अण्णा. हे तुम्हाला कधी कळलंच नाही.

बेटाला मोठी होडी लागत नाही. थोडी अलीकडेच पाण्यात थांबते आणि माणसांना एकेक करून लहान होडीत उतरवतात. तीस वर्षांपूर्वी आपण आलो त्या दिवशी तुम्ही आधी उतरलात, एक पाय लहान होडीच्या काठावर रोवलात आणि हात पुढे केलात. "सरी?" मी म्हटलं, "सरी." तुम्ही माझं वजन घ्यायला वाकलात, आणि तेवढ्यात मला दोन होड्यांमधलं पाणी दिसलं. काळंभोर, वरखाली होणारं. मी हात मागे घेतला. तुम्ही मोकळ्या हवेत झुकलात, तुमचा पाय मधे गेला आणि होड्या एकमेकींवर आदळल्या. दवाखान्यात आईला तुम्ही सांगितलंत, "फळी ओली होती, माझाच पाय घसरला." सांगताना माझ्याकडे बघितलं नाहीत. पुढे कारखान्यानं तुम्हाला गेटवरच्या टेबलाशी बसवलं, साच्यांना परत हात लावू दिला नाही. तुम्ही जाईपर्यंत मी तुमचं लंगडणं ऐकत राहिले, जिन्यात ऐकू आलं की पुस्तकात डोकं खुपसायची.

आता तिथं धक्का बांधला असेल, अशी वेडी आशा धरून होते. कुठला धक्का! हे आणि लेक टुणकन उतरले. लेक वळली, इवलासा हात पुढे केला आणि म्हणाली, "आई, सरी?" आमच्या घरीही तोच कायदा आहे, मीच शिकवलाय. मागं माणसं खोळंबलेली. सवयीनं सरी अगदी ओठांवर आलं. मी म्हटलं, "नाही. अजून नाही." आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. लेक रागावली नाही, नुसती हात धरून थांबली. होडीवाला म्हणाला, "निधान, अक्का, निधान." सावकाश या म्हणाला. किती वेळ गेला कोण जाणे. मग मी सरी म्हटलं आणि उतरले.

बेटावर दगडांवर बसलो होतो. लेकीनं विचारलं, "आजोबांचा पाय इथंच मोडला ना? कसा गं?" सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती. हेही ऐकत होते. हे पत्र लिहितेय, पण पाठवायचं कुठं, आणि तुम्हाला पाठवून तरी काय? सांगायला हवं होतं ते तिला. मी समुद्राकडे बघितलं आणि म्हणाले, "फळी ओली होती. त्यांचाच पाय घसरला."