तीन शिफ्टचा खुनी

मोशी,
४ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. विजयश्री हिस,
अ. उ. आशीर्वाद.

एक अत्यंत गंभीर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. तुझ्या कन्येने माझी उजवी चप्पल जप्त केली आहे. खुन्याच्या पायाचा ठसा त्या चपलेनेच उमटवायचा असल्याने चित्रीकरण संपेपर्यंत ती घालायची नाही, असा हुकूम आहे. गेले पाच दिवस मी एका पायात चामड्याची आणि दुसऱ्यात न्हाणीघरातली निळी रबरी घालून हिंडतो. कंपनीच्या गेटवर वॉचमनने पायाला काय झालं म्हणून विचारलं. भाचीला सिनेमा झालाय, म्हणून सांगितलं. माझा फोनही कॅमेरा म्हणून गेला, त्यामुळे तुला मला कागदावर सोसावं लागणार.

निशिगंधाच्या सिनेमात एका खेड्यात घोंगडी पांघरलेला खुनी हिंडतो. खेडं म्हणून आमची मोशी. पण कॅमेरा जरा वर गेला की बारा मजली टॉवर दिसतो, म्हणून सगळं गाव माणसाच्या उंचीएवढंच घेतलंय. मरायला शेजारच्या सोजराबाई तयार झाल्या. त्या मूळच्या इथल्याच. मरून पडल्यावरही उठून पदर सारखा करतात. मेलं म्हणून काय अंग उघडं टाकायचं व्हय, असा त्यांचा सवाल.

खुनी मात्र एक मिळेना. माझ्या हाताखालच्या जयसिंगला सकाळची शिफ्ट, नागसेनला दुपारची, दिग्विजयला रात्रपाळी. शेवटी मीच तोड काढली. चेहरा घोंगडीत आहे ना, मग ज्याला सुटी तो खुनी. चोवीस तारखेला सिनेमा कॉलेजात जमा झाला नाही, तर पोरीचं वर्ष जाईल. तेव्हा हसू नकोस.

लोभ आहेच, तो दोन्ही पायांवर सारखा असू दे.

तुझा दादा,
हिंदुराव


कळंब,
१० फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हसले. निशीने पाठवलेले तुकडे ह्यांच्या फोनवर पाहिले. दारात उभा असलेला खुनी सहा फुटी, विहिरीपाशी पोचेपर्यंत त्याच्या खांद्याएवढा, आणि मळ्यात शिरताना चांगला पोट सुटलेला. घोंगडी धुतली की आटते हे ऐकलं होतं, आतला माणूस आटलेला पहिल्यांदा पाहिला. खुनी नक्की किती आहेत, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, दादा सुपरवायझर आहे, हजेरी घेतली असेल.

एक सांगते, राग मानू नकोस. तिच्या कामात फार नाक खुपसू नकोस. तुझं खुपसलेलं नाक मला पुरतं आठवतंय. त्र्याण्णवच्या गॅदरिंगला मी विष घालणारी काकू होते, नि आदल्या दिवशी तू अण्णांना जाऊन सांगितलंस. अण्णांनी मला घरी बसवलं. माझं शेवटचं वाक्य होतं, जेवून घ्या, गार होतंय. तेहतीस वर्षं ते रोज दोन वेळा म्हणते आहे. एकदाही टाळी पडली नाही.

माया आहे तशीच राहू दे, आणि चप्पल नवी घे.

तुझी,
विजू


मोशी,
१६ फेब्रुवारी

चि. सौ. विजूस,
अ. उ. आशीर्वाद.

घोटाळा झाला आहे. घोंगडी दूर करून चेहरा दाखवायचा प्रसंग तेवढा राहिला, आणि तिन्ही खुनी तो आपलाच म्हणून अडून बसलेत. जयसिंगने सासुरवाडीला कळवून टाकलंय. नागसेन दाढी कोरून आलाय. दिग्विजयचं म्हणणं, सोजराबाईंना खरं मारलं त्याने, बाकीचे दोघे नुसते हिंडले. एकाला चेहरा दिला, तर उरलेले दोघे आपापले तुकडे काढून टाका म्हणतात. मग चोवीसला जमा काय करायचं, माझी चप्पल?

निशी दोन दिवस धड जेवली नाही. म्हणून मी नाक खुपसलं. तिला म्हटलं, मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा सगळ्यांच्या आधी पिठलं-भाकरी घेऊन येणाऱ्या बाईवर संशय कोण घेईल? पोरीने हातातली भाकरी तशीच टाकली आणि वही आणायला पळाली. तिघांनाही पटलं. मला नाही तर तुलाही नाही, या मुद्द्यावर कामगारांची एकजूट चटकन होते. उंचीचं काय ते निशी बघेल. खुनी अजून एकदा आटला, एवढंच.

तर रविवारी सोजराबाईंच्या ओट्यावर खुनी घोंगडी मागे सारणार आणि ताट पुढे करणार. वाक्य तुला पाठ आहे. शनिवारी सकाळच्या एसटीने ये. घोंगडी उन्हात टाकून ठेवली आहे.

नाही म्हणायच्या आधी एक ऐक. काल सोपानराव किराणावाल्यांच्या फोनवरून दाजींशी बोललो. रविवारचं जेवण तुमचं तुम्ही बघा, विजूचं नाटक आहे, असं सांगितलं. तेव्हा अण्णांना मीच सांगितलं होतं, म्हणून या वेळीही सांगायचं काम माझ्याकडेच घेतलं.

टाळ्या वाजवायला तिन्ही खुनी रविवारचा ओव्हरटाइम सोडून येतायत.

तुझा दादा,
हिंदुराव