टाकलेल्या तीन राण्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वी एक्स-रे काढण्याच्या नोकरीत, आता निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना आणि पुऱ्या शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. तो शेजारच्या दंतवैद्यांकडे मागितला, तेव्हा ते म्हणाले, "ताई, दाताच्या डॉक्टरने डोक्याची हमी द्यायची?" म्हणून दाखला दुसऱ्या डॉक्टरांचा आहे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी माझ्या मुलाला. तो एकुलता एक आहे, त्यामुळे वादाचा प्रश्न नाही. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. प्लंबरला बोलावू नये, तीनदा बोलावून झालं आहे.

२. बैठकीतलं गोल टेबल, पाच खुर्च्या, पत्त्यांचे दोन कॅट आणि बटणांचा डबा आमच्याबरोबर खेळणाऱ्या गणिताच्या मास्तरांना. अट एकच. दर शनिवारी दुपारी तीनला पोकर चालू राहिला पाहिजे, जसा आमच्याकडे सव्वीस वर्षं चालला.

टेबल ह्यांनी आणलं होतं, बटणं ह्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या वन्संनी. त्या शिवणकाम करतात. शर्टाचं पांढरं बटण म्हणजे एक, कोटाचं काळं म्हणजे पाच, पितळी म्हणजे वीस. पैसे आम्ही कधीच लावले नाहीत. "बटणांसाठी एवढी तोंडं गंभीर करता?" असं मुलगा विचारायचा. हो, करतो. हसण्यावारी नेलं की चार माणसं नुसतीच चहा पीत बसतात.

घरचे नियम दोन. टाकून दिलेले पत्ते कोणी उलटून पाहायचे नाहीत. आणि कोणी कोणाला दयेपोटी सोडायचं नाही.

३. शाळेत सिस्टर सांगत, प्रार्थनेत हसू आलं तर जीभ दाताखाली धरा. पुढे नोकरीत कळलं की पेशंट फिल्मकडे बघत नाही, ती धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. त्यामुळे माझा चेहरा कोरा राहिला आणि इतरांचे मला वाचता आले. प्रत्येकाची खोड मी इतकी वर्षं जपून ठेवली होती, ती आता ज्याची त्याला परत करते. मास्तर, चांगले पत्ते आले की तुम्ही चष्मा पुसता. शेजारचे दाताचे डॉक्टर, डावात थाप मारायची असली की तुम्ही चहाची चौकशी करता. तुम्ही साक्षीदार, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाई सांगतात. पण खोड ही मालमत्ता धरली जात नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

४. हे कलम वकीलबाई गाळा म्हणत होत्या. मी ठेवलं आहे.

नऊ वर्षांपूर्वी वन्संचे यजमान गेले. तिसऱ्याच शनिवारी त्या तीनच्या ठोक्याला आल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या. चौथ्या डावात त्यांनी सगळी पितळी बटणं पुढे सारली. त्यांच्याकडे दोन जोड्या आहेत हे मला त्यांच्या खोडीवरून कळलं होतं. माझ्या हातात तीन राण्या होत्या. दोन जोड्यांवर तीन राण्या चढतात. मी पत्ते पालथे टाकले आणि डाव सोडला.

पिसायची पाळी वन्संची होती. पत्ते गोळा करता करता त्यांनी माझे उलटले.

"अगं, ह्या तर तीन राण्या."

"हो."

"आणि माझ्याकडे काय आहे ते तुला ठाऊक होतं."

मी जीभ दाताखाली धरली.

"दोन-तीन आठवडे जो तो माझ्याशी हळू आवाजात बोलतोय. म्हटलं, एवढं टेबल तरी राहिलं असेल."

त्या उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. लग्नकार्यात भेटतात, ह्यांच्या शेवटच्या आजारपणात रोज डबा आणला, पण त्या टेबलाशी पुन्हा बसल्या नाहीत. त्यांनी पत्ते उलटले ही त्यांची चूक. माझी आधीची आणि मोठी. त्यांच्या खुर्चीवर मी कपड्यांची पिशवीसुद्धा कोणाला ठेवू दिलेली नाही.

५. वरील कारणाने वन्संना मी या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. भांडं नाही, साडी नाही, एक पांढरं बटणही नाही. वकीलबाईंनी त्यांना साक्षीसाठी फोन केला तेव्हा मी शेजारीच बसले होते.

"मला काही देतेय का ती?"

"नाही, काहीच नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग येते."

६. वन्सं, सगळ्यांच्या खोडी वाटल्या, तुमची मात्र मी कोणालाच देत नाही, तुम्हालाही नाही. ती मला अजून वापरायची आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली आणि त्यांनी माझ्यादेखत.

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिले: (सही) शेजारी, दंतवैद्य. चहाची चौकशी यापुढे करणार नाही.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) नणंद. शनिवारी तीनला येते. पत्ते मी पिसणार.

ठिकाण: राहतं घर, गोल टेबल
दिनांक: १२ सप्टेंबर २०२४, गुरुवार