पंखांपुरती जागा

प्रिय ठमे,

मी खुशाल आहे, खाण्यापिण्याची आबाळ नाही. आईला सांग, उगाच काळजी करू नको. तिचे गुडघे कसे आहेत? आणि तू जेवतेस ना वेळेवर?

इथल्या फुलपाखरांच्या बागेत आता लिंबावरची फुलपाखरं माझ्याकडे दिलीत. त्यांची अळी आधी अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. तू नाक मुरडलं असतंस. मग ती हिरवीगार होते, पानांचा फडशा पाडते आणि कमरेला धागा बांधून कोषात जाते. दहा-बारा दिवसांनी काळं फुलपाखरू निघतं, अंगभर पिवळट ठिपके, मागच्या पंखांवर लाल टिकली.

कोष दांडीला डिंकाने चिकटवायचं काम माझं. परवा मी दोन कोष फार जवळ लावले. त्यातल्या एकाला बाहेर आल्यावर पंख पसरून वाळवायला जागाच मिळाली नाही. पंख चुरगळलेलेच सुकले. म्हातारा माळी म्हणाला, "टाकून दे, हे काही जगायचं नाही."

माझ्याने टाकवेना. बोटावर घेऊन साखरपाणी पाजलं. तीन दिवस जगलं.

आपलं बाळही तीनच दिवस होतं. रजा मिळून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुला रडू येईल म्हणून मी विषयच काढला नाही.

ठमे, त्या फुलपाखराचा एकेक ठिपका मला पाठ आहे. आपल्या बाळाचं मात्र मला काहीच ठाऊक नाही. सावकाश लिही, पण लिही. कुणावर गेला होता गं तो?

वाट पाहणारा,
तुझाच